अश्वशक्ती वाढली, वेग का नाही?

मिरकरवाड्याच्या बंदरात कुणी जुन्या होडीला मोठं इंजिन बसवलं, तर मागची बाजू पाण्यात जास्त दबते, तेल जास्त जळतं आणि वेग मात्र मनासारखा वाढत नाही. दोन माणसांच्या हलक्या विमानाचीही हीच गत होते.

या विमानांत रोटॅक्स ९१२ हे इंजिन फार चालतं. ते ८० आणि १०० अश्वशक्तीचं मिळतं, दोन्हींच्या वजनात फारसा फरक नाही. ८० चं काढून १०० चं बसवलं, तर ताशी १८० किलोमीटरचं विमान किती धावेल? साधारण १९४. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे लागणारी शक्ती घनाने वाढते. वेग दुप्पट हवा असेल तर आठपट ताकद लागते!

मग ती जादा ताकद जाते कुठे? चढाईत. सपाट उडायला लागते तेवढी शक्ती वजा केल्यावर जी उरते, तीच विमानाला वर नेते. २० पैकी १५ अश्वशक्ती पंख्यातून खरोखर कामाला आली असं धरू. एक अश्वशक्ती म्हणजे ७५ किलो वजन सेकंदाला एक मीटर उचलणं. अशा हलक्या विमानांची जुनी वजनमर्यादा ६०० किलोची. तेवढं भरलेलं विमान मिनिटाला ११० मीटर जास्त चढेल. किनाऱ्यावरून उठून समोर सह्याद्रीची भिंत असलेल्या आपल्या मुलखात हे फार मोलाचं आहे.

त्यात आपली हवा. मे महिन्यात घामाने जीव नकोसा होतो तेव्हा आपण हवा ‘जड’ झाली म्हणतो, पण खरं तर ती हलकी असते. उष्णतेने ती विरळ होतेच, शिवाय पाण्याचा रेणू नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूंपेक्षा हलका. वाफेने जागा अडवली की इंजिनाला ऑक्सिजन कमी मिळतो. १०० अश्वशक्तीतले सहा-सात तिथेच जातात, आणि विरळ हवेत पंखांनाही उचल कमी मिळते, म्हणून धावपट्टी जास्त लागते.

टर्बो, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणारा पंप, असलेलं १४१ अश्वशक्तीचं रोटॅक्स ९१५ ही उणीव भरून काढतं, पण ते वीसेक किलोंनी तरी जड आहे. हे वजन नाकाशी येतं. तराजूचं एक पारडं खाली गेल्यासारखं होतं आणि शेपटीला सतत खाली दाब द्यावा लागतो. उतरताना वेग कमी झाला की शेपटीचा जोर अपुरा पडतो, नाक वर येत नाही आणि पुढचं चाक आधी आपटतं. मला या सगळ्यात हाच धोका सर्वात मोठा वाटतो, कारण उड्डाणाच्या आनंदात तो लक्षातच येत नाही. म्हणून इंजिन बदललं की विमान पुन्हा काट्यांवर उभं करून तोलबिंदू मोजायलाच हवा. पंख्याच्या पात्यांचा कोनही बदलावा लागतो.

पंख, सांधे आणि शेपूट मात्र जुनीच असतात. ठरावीक वेगापलीकडे ती थरथरू लागतात आणि क्षणात तुटू शकतात. त्यासाठी वेगमापकावर एक लाल रेघ असते. इंजिन कितीही अश्वशक्तीचं बसवा, ती रेघ तसूभरही पुढे सरकत नाही.