टी-शर्ट छापायला देताय? आधी कापड ठरवा, मग डिझाइन

आमच्याकडे येणारे बहुतेक ग्राहक डिझाइन पक्कं करून येतात आणि कापडाचं नंतर बघू म्हणतात. सब्लिमेशन छपाईत, म्हणजे उष्णतेने रंग थेट धाग्यात उतरवण्याच्या पद्धतीत, हा क्रम उलटा ठेवावा लागतो. चांगलं डिझाइन चुकीच्या कापडावर वाया गेलेलं आम्हाला बघवत नाही, म्हणून हे पत्रक.

छपाई होते कशी?

डिझाइन आधी खास ट्रान्सफर पेपरवर उलटं, म्हणजे आरशात दिसतं तसं छापतात. तो कागद टी-शर्टवर पालथा घालून हीट प्रेसमध्ये साधारण २०० अंश सेल्सिअसला पाऊण ते एक मिनिट दाबून धरतात. या तापमानाला शाईतला रंग कापरासारखा थेट वायुरूप होतो. पॉलिस्टरच्या धाग्याची आतली रचनाही तेव्हा उष्णतेने सैल झालेली असते, त्यामुळे रंग धाग्याच्या आत शिरतो आणि कापड थंड झालं की तिथेच अडकून राहतो. वर थर बसतच नाही. म्हणून हात फिरवला तरी छपाई हाताला लागत नाही, तिला भेगा पडत नाहीत, पापुद्रे सुटत नाहीत आणि घाम आला तरी छातीवर प्लास्टिक चिकटल्यासारखं वाटत नाही. खेळाच्या जर्सीसाठी आम्ही हीच पद्धत सुचवतो.

कॉटनला आम्ही नाही का म्हणतो?

सुती धागा हा रंग धरून ठेवत नाही. प्रेसमधून काढल्यावर फिकट छाप दिसते आणि काही धुण्यांत तीही जाते. मिश्र कापडात फक्त पॉलिस्टरचे धागे रंगतात, त्यामुळे ६५ टक्के पॉलिस्टर असेल तर चित्र थोडं विटलेलं, जुन्यासारखं येतं. काहींना ते रूप मनापासून आवडतं. तसं हवं असेल तर आधी एक नमुना काढून बघा. भडक, ठसठशीत रंग हवे असतील तर १०० टक्के पॉलिस्टरच घ्या. अंगाला कॉटनच हवं असेल तर स्क्रीन प्रिंटिंग (जाळीच्या साच्यातून शाई उतरवणं) किंवा डीटीएफ (डायरेक्ट टू फिल्म, म्हणजे फिल्मवर छापून उष्णतेने कापडावर चिकटवणं) करून घ्या, आम्हीही तेच सांगू.

कापडाचा रंगही पांढरा किंवा अगदी फिका हवा. या शाईत पांढरा रंग नसतो आणि ती पारदर्शक असते. चित्रातला पांढरा भाग म्हणजे खालचं कापडच. पिवळ्या टी-शर्टवर निळा लोगो हिरवट दिसेल, काळ्यावर तर काहीच दिसणार नाही.

पूर्ण अंगभर छपाई

शिवलेल्या टी-शर्टवर अंगभर छापलं तर काखेत, शिवणीजवळ आणि जिथे चुणी पडली असेल तिथे पांढऱ्या रेघा राहतात. कितीही काळजी घेतली तरी त्या पूर्ण टळत नाहीत. अंगभर डिझाइन हवं असेल तर आधी कापड छापून मग कापून शिवणं हाच खरा मार्ग. त्याला वेळ जास्त लागतो, तेव्हा तारीख जवळ असेल तर छातीवर किंवा पाठीवर छापणं बरं.

फाइल आणि रंग

चित्र छापायच्या आकारातच, शक्यतो ३०० डीपीआयचं (दर इंचाला ३०० ठिपके) द्या. मेसेजिंग अ‍ॅपवरून आलेला फोटो दाबून लहान झालेला असतो. तो मोठा केला की कडा फुटतात. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मोबाइलच्या पडद्यावरचा झगझगीत हिरवा किंवा नारिंगी कापडावर तसाच उतरत नाही. संस्थेचा ठरलेला रंग असेल तर त्याचा छापील नमुना आणा, आम्ही त्याच कापडाच्या तुकड्यावर जुळवून दाखवू. ट्रान्सफर पेपरवरचे रंग मळकट दिसतात, ते पाहून घाबरू नका. उष्णता मिळाल्यावर ते खुलतात.

साचे किंवा स्क्रीन बनवावे लागत नसल्याने एकच टी-शर्टही छापता येतो, आणि प्रत्येकावर वेगळं नाव किंवा नंबर घालता येतो. नावांची यादी मात्र टाइप करून, शुद्धलेखन तपासून द्या. एकदा कापडात उतरलेलं नाव पुसता येत नाही.

घरी नेल्यावर

थंड किंवा कोमट पाण्यात धुवा, ब्लीच टाळा, सावलीत वाळवा. इस्त्री मंद ठेवा आणि उलट्या बाजूने फिरवा. फार तापलेल्या इस्त्रीने पॉलिस्टर चकाकतं आणि आतला रंगही पुन्हा हलू शकतो.