कागदावरचं चित्र, भिंतीवरचं चित्र: इटलीतल्या संग्रहालयात नेमकं काय पोचतं?

मिल्लो या इटालियन चित्रकाराचं काम एकदा पाहिलं की लक्षात राहतं. काळ्या रेघांनी दाटीवाटीनं उभं केलेलं शहर आणि त्यात कसंबसं मावणारं एखादं अवाढव्य मूल. मोबाइलवर पाहिलं तर हे बालपुस्तकातलं पान आहे, असंच कुणालाही वाटेल. पण ही चित्रं आहेत इमारतींच्या उंच, बिनखिडकीच्या भिंतींवर. 2014 मध्ये तुरीन शहरातली एक स्पर्धा जिंकल्यावर मिल्लोनं तिथल्या एकाच वस्तीत अशा 13 भिंती रंगवल्या. (वस्तीचं नाव ‘बारिएरा दि मिलानो’ असलं तरी ती तुरीनमध्येच आहे, मिलानमध्ये नाही.)

घोटाळा इथूनच सुरू होतो. इटलीत इलस्ट्रेशन, म्हणजे पुस्तक-मासिकांसाठीची चित्रं, करणारा आणि रस्त्यावर रंगवणारा हात बरेचदा एकच असतो. आलीचे पास्क्विनी ही इलस्ट्रेटर आहे आणि रोमच्या सान लोरेन्झो भागातल्या भिंतींवरही तिची चित्रं आहेत. ‘एरिकाइल्काने’ नावाचा चित्रकार तांब्याच्या पत्र्यावरून छापचित्रं काढतो आणि इमारतभर उंचीचे प्राणीही रंगवतो. रेघ तीच, कल्पनाशक्ती तीच. मग एखाद्या सार्वजनिक संग्रहात ही कामं शेजारीशेजारी लागली की पाहणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात. माझं मत असं, की फरक शैलीत शोधूच नये. या चित्राचं मूळ कुठे आहे, एवढंच विचारावं.

इलस्ट्रेशन जन्मतं ते छापलं जाण्यासाठी. पुस्तक, मासिक, पोस्टर हे त्याचं खरं घर, आणि तिथे त्याला सोबतीला मजकूर असतो, मागचं-पुढचं पान असतं. बोलोन्यात 1964 पासून बालपुस्तकांची जत्रा भरते आणि 1967 पासून तिच्यात इलस्ट्रेटरांचं प्रदर्शन असतं. त्यासाठी एक सुटं चित्र पाठवून भागत नाही, पाच चित्रांची मालिका द्यावी लागते. चित्र सुंदर आहे का, एवढ्यावर परीक्षकांचं समाधान होत नाही. ते गोष्ट पुढे नेतं का, हेही त्यांना पाहायचं असतं.

असं चित्र संग्रहात आलं तर काय होतं? मजकूर सुटतो, हे नुकसान आहेच. पण मूळ कागद समोर आल्यावर छपाईत हरवलेलं बरंच काही परत मिळतं. लोरेन्झो मात्तोत्ती या इलस्ट्रेटरचे पेस्टल छापील पानावरही देखणे दिसतात. मूळ कागदावर मात्र रंगाचे थर, दाबून घासलेली जागा, हाताचा जोर कळतो. कुणाच्या चित्रात खोडलेली पेन्सिल दिसते, कुणाच्या पांढऱ्या रंगानं झाकलेली चूक. ओलिम्पिया झान्योलीसारख्या, सपाट रंगांत थेट संगणकावर काम करणाऱ्या चित्रकर्तीच्या बाबतीत असा कागदच नसतो. तिथे संग्रहाच्या हाती येते ती फाइल किंवा सही केलेली प्रत. कागद असो वा प्रत, ती विकत घेतली म्हणून छापण्याचा हक्क मिळत नाही. इटलीच्या 1941 च्या 633 क्रमांकाच्या कायद्यात वस्तूची मालकी आणि तिच्या प्रती काढण्याचा हक्क वेगवेगळे आहेत.

भिंतीची गोष्ट उलटी. तिथे मूळ चित्र जागेला चिकटलेलं असतं. समोरचा रस्ता, शेजारची बंद पडलेली गिरणी, गिलाव्याचे पोपडे, येणारी-जाणारी माणसं, हे सगळं त्याचा मजकूर. शिवाय भिंत घरमालकाची, चित्र चित्रकाराचं, आणि परवानगीशिवाय रंगवलेलं असेल तर चित्रकार हक्क सांगायला उघडपणे पुढे येणार तरी कसा?

हा प्रश्न 2016 मध्ये त्याच बोलोन्यात पेटला. पालाझ्झो पेपोली या संग्रहालयात स्ट्रीट आर्टचं, म्हणजे रस्त्यावरच्या चित्रांचं, मोठं प्रदर्शन भरणार होतं आणि त्यासाठी पडीक कारखान्यांच्या भिंतींवरून चित्रं उतरवून आणली होती. यात ब्लू या अनाम राहणाऱ्या चित्रकाराचंही काम होतं, त्याच्या संमतीशिवाय. उतरवण्याची पद्धत इटलीत जुनी आहे, भित्तिचित्रं वाचवण्यासाठी वापरली जाते. तिला ‘स्त्राप्पो’ म्हणतात, म्हणजे ओरबाडणं. चित्रावर सरस लावून कापड चिकटवतात, सरस वाळून आवळला की कापड ओढतात आणि रंगाचा पापुद्रा त्याच्याबरोबर निघून येतो. मग तो पाठीमागून कॅनव्हासवर बसवतात. गिलावा भिंतीवरच राहतो.

प्रदर्शन उघडायच्या काही दिवस आधी, मार्चमध्ये, ब्लूनं कार्यकर्त्यांना सोबत घेऊन शहरातली आपली वीसेक वर्षांतली सगळी चित्रं करड्या रंगानं पुसून टाकली. 2013 मध्ये एक्सएम24 या सामाजिक केंद्राच्या भिंतीवर त्यानं बोलोन्यातल्या एका काल्पनिक मोठ्या लढाईचा देखावा रंगवला होता, तोही गेला. लोकांसाठी रस्त्यावर ठेवलेली वस्तू परस्पर उचलून तिकिटामागे ठेवणार असाल तर ती रस्त्यावरही राहणार नाही, हा त्याचा पवित्रा. आयोजकांचं म्हणणं होतं, की ते कारखाने पडणारच होते, चित्रं तरी वाचली. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि मला ते सहज झटकता येत नाही. तरीही मी ब्लूच्या बाजूनं आहे. वाचला तो रंग. चित्र ज्या भिंतीशी बोलत होतं ती भिंत गेली, आणि ज्यानं काढलं त्याला कुणी विचारलंही नाही. पुस्तकचित्राचा कागद चित्रकाराकडून मागून घ्यावा लागतो. इथे नुसत्या ओढण्यानं काम झालं.

चित्र न हलवताही संग्रह करता येतो. रोमच्या तोर मारान्चा वस्तीत 2015 मध्ये सरकारी घरांच्या 11 इमारतींवर सुमारे 14 मीटर उंचीची चित्रं रंगवली गेली. लोक तिथेच राहतात, पाहणारे वस्तीत जातात. परवानगी घेऊन, निधी उभा करून झालेल्या अशा कामाला स्ट्रीट आर्ट न म्हणता भित्तिचित्र म्हणावं, असा आग्रह धरणारे आहेत, आणि तो मला पटतो. याच चित्रकारांनी गॅलरीसाठी रंगवलेला कॅनव्हास ही तर तिसरीच गोष्ट. तो सरळ चित्र म्हणूनच पाहावा.

इटलीत संग्रहालयात गेलात तर चित्राखालची पाटी वाचा. ‘सु कार्ता’ म्हणजे कागदावर. ‘स्ताम्पा दिजिताले’ म्हणजे संगणकावरून काढलेली छापील प्रत. ‘सु तेला’ म्हणजे कॅनव्हासवर. स्ट्रीट आर्टिस्टचं नाव असलं तरी असं कॅनव्हासवरचं चित्र रस्त्यावर कधी गेलेलं नसण्याचीच शक्यता जास्त. आणि ‘स्त्राप्पो’ दिसलं तर थांबा, ती भिंत कुठली होती आणि चित्रकाराला विचारलं होतं का, हे तिथल्या माणसांना विचारा.