मरियाविषयक मतभेद (कॅथलिक व प्रॉटेस्टंट)

येशूच्या आईला श्रद्धेत कोणते स्थान द्यावे, यावरून कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट पंथांत सोळाव्या शतकापासून चालत आलेला वाद. ती कुमारी असताना येशूचा जन्म झाला, हे पारंपरिक भूमिकेत दोघांनाही मान्य आहे. इ. स. ४३१ च्या इफिसस येथील बिशपांच्या परिषदेने तिला दिलेले 'देवमाता' हे बिरुदही प्रॉटेस्टंट चळवळीचा प्रणेता मार्टिन लूथर याने नाकारले नव्हते. तंटा आहे तो त्यापुढच्या गोष्टींचा.

मराठीत तो एका शब्दात पकडता येतो. प्रॉटेस्टंट घरांत वाचल्या जाणाऱ्या पवित्र शास्त्रात देवदूत मरियेला 'कृपा पावलेल्या स्त्रिये' अशी हाक मारतो (लूक १:२८). कॅथलिकांच्या जपमाळेत ती 'कृपापूर्ण' असते. मूळ ग्रीक शब्द 'केखारितोमेने' हे कर्मणी धातुसाधित आहे. लॅटिन भाषांतराने त्याचे 'ग्रातिया प्लेना', म्हणजे कृपेने भरलेली, असे केले. 'पावलेली' म्हटले की देणारा आठवतो, 'पूर्ण' म्हटले की ती स्वतः डोळ्यांपुढे उभी राहते.

नाशिकमध्ये या दोन्ही परंपरांची मुळे वेगवेगळी आहेत. चर्च मिशनरी सोसायटी या अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतील, संस्थेने येथे १८३२ मध्ये काम सुरू केले आणि पुढे शरणपूरची ख्रिस्ती वस्ती वसवली. अँग्लिकनांच्या एकोणचाळीस श्रद्धाकलमांपैकी बाविसावे कलम संतांचा धावा करणे ही निराधार कल्पना ठरवते. शरणपूरच्या घडणीमागे हाच वारसा होता. १९७० मध्ये स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या संयुक्त प्रॉटेस्टंट चर्चमध्ये ही परंपरा सामील झाली. कॅथलिकांचा नाशिक धर्मप्रांत पुणे धर्मप्रांतातून १९८७ मध्ये वेगळा झाला. त्याचे कॅथेड्रल, म्हणजे बिशपचे मुख्य चर्च, संत अ‍ॅनाच्या, म्हणजे मरियेच्या आईच्या, नावाचे आहे. मरियेच्या आईचे नाव बायबलमध्ये कुठेच नाही. ते दुसऱ्या शतकातील 'याकोबाचे आद्यशुभवर्तमान' या बायबलबाहेरच्या ग्रंथातून आले. कॅथलिकांना परंपरा पुरते, प्रॉटेस्टंट शास्त्रवचन मागतात. वादाचे खरे बूड इथे आहे.

याच धर्मप्रांतात श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावला सप्टेंबरमध्ये मतमाउलीची, म्हणजे मरियेची, यात्रा भरते. 'माउली' हा शब्द वारकऱ्यांचा. ज्या मुलखात गोदावरीही माय आहे, तिथे तो मरियेला चिकटला यात नवल नाही. प्रॉटेस्टंटांना नेमकी याचीच धास्ती वाटते: देवीची जागा मरिया घेईल. गंमत अशी की, नाशिकला शिकलेले आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक यांनी आपल्या भक्तिरचनांत मातृत्व बहाल केले ते ख्रिस्तालाच. माउली हवी होती, पण मरिया नको, या पेचातून काढलेली याहून मराठी वाट सापडणे कठीण.

कॅथलिक उत्तर असे की, आराधना फक्त देवाची. संतांना मान, आणि मरियेला त्याहून वरचा मान. जपमाळेत तिच्याकडे मागितले जाते ते 'आमच्यासाठी विनंती कर' एवढेच. प्रॉटेस्टंट १ तीमथ्य २:५ पुढे करतात: देव आणि माणसे यांच्यात मध्यस्थ एकच, ख्रिस्त येशू. आराधना आणि मान यांतला भेद कॅथलिक ग्रंथांत स्वच्छ आहे, गर्दीच्या नवसात तो तितका स्वच्छ राहत नाही, हे मान्य करायला हवे.

सर्वांत कठीण गाठ दोन धर्मसिद्धान्तांची. पोप नववे पायस यांनी ८ डिसेंबर १८५४ रोजी निष्कलंक गर्भसंभव जाहीर केला. याचा अर्थ येशूचा कुमारीजन्म असा सर्रास लावला जातो. तो चूक आहे. मरिया स्वतः आईच्या उदरात आली तेव्हापासूनच आदिपापापासून, म्हणजे आदामापासून वारशाने येणाऱ्या पापापासून, मुक्त होती, असे हा सिद्धान्त सांगतो. बारावे पायस यांनी १ नोव्हेंबर १९५० रोजी तिचे सदेह स्वर्गोन्नयन जाहीर केले. तो सण १५ ऑगस्टचा. त्यामुळे आपल्याकडे त्या दिवशी झेंडावंदन आणि मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) असे दोन्ही असते. दोन्ही सिद्धान्तांना स्पष्ट शास्त्राधार नाही, असे प्रॉटेस्टंटांचे म्हणणे.

येशूच्या भावांचा प्रश्न (मार्क ६:३) त्यामानाने मराठी माणसाला जवळचा. याकोब, योसे, यहूदा आणि शिमोन हे सख्खे भाऊ नव्हेत, नात्यातले होत, असे चौथ्या शतकात बायबलचा लॅटिन भाषांतरकार जेरोम याने मांडले. चुलतभाऊ-मामेभावांना नुसते 'भाऊ' म्हणणाऱ्या घरात हे सहज पटते. पण ग्रीकमध्ये चुलत-मावस भावासाठी 'अनेप्सिओस' असा वेगळा शब्द आहे आणि तो कलस्सै ४:१० मध्ये आलाही आहे, याकडे प्रॉटेस्टंट बोट दाखवतात. लूथर मात्र मरियेला सदाकुमारी मानत होता, हे आज अनेक प्रॉटेस्टंटांना ऐकून आश्चर्य वाटते.

अँग्लिकन आणि कॅथलिक यांच्या संयुक्त आयोगाने २००५ मध्ये मरियेवर एक निवेदन काढले. नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हॅटिकनने तिला 'सहतारक', म्हणजे ख्रिस्ताच्या जोडीने तारण करणारी, म्हणणे अनुचित ठरवले. १८५४ आणि १९५० च्या घोषणा मात्र जागच्या जागी आहेत.