घरच्या स्विमिंग पूलचा फिल्टर

घरच्या पूलचा फिल्टर म्हणजे पंपाने खेचलेलं पूलचं पाणी ज्यातून गाळून परत पूलमध्ये सोडलं जातं तो भाग. घरगुती पूलसाठी मुख्यतः तीन प्रकार मिळतात, वाळूचा म्हणजे सँड फिल्टर, कार्ट्रिज फिल्टर आणि डीई फिल्टर, आणि आपल्याकडे चौथा एक पाइपलेस फिल्टर पण खूप विकला जातो. लोणावळा, कर्जत, अलिबाग, गोवा या पट्ट्यात बंगल्यांना आणि फार्महाऊसला पूल बांधायचं प्रमाण वाढलंय, टाइल्स कुठल्या रंगाच्या यावर घरात महिनाभर चर्चा होते आणि फिल्टर मात्र कॉन्ट्रॅक्टर देईल तो, हे बरोबर नाही कारण पुढची दहा वर्षं पाणी कसं दिसणार ते टाइल्स नाही, फिल्टर ठरवतो.

आधी एक गोष्ट क्लिअर करूया. फिल्टर जंतू मारत नाही, ते काम क्लोरीनचं. पाण्यात मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत १ ते ३ भाग) आणि पीएच ७.२ ते ७.८ च्या मधे ठेवावं लागतं, फिल्टर कितीही भारी घेतला तरी. फिल्टरचं काम धूळ, पानांचा चुरा, मेलेलं शेवाळं, अंगावरचं तेल, सनस्क्रीन हे सगळं काढणं, कारण हा कचरा पाण्यात राहिला की क्लोरीन त्याच्यावरच खर्च होतं आणि जंतूंसाठी उरत नाही.

सँड फिल्टर सगळ्यात जुना आणि साधा. फायबरच्या गोल टाकीत साधारण अर्धा मिलिमीटर दाण्याची सिलिका वाळू भरलेली असते, पाणी वरून खाली जातं आणि २० ते ४० मायक्रॉनपर्यंतचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कचरा वाळूत अडकतो. वाळू धुवायला बाहेर काढावी लागत नाही, मल्टिपोर्ट व्हॉल्व्हचा, म्हणजे पाण्याची वाट बदलणाऱ्या व्हॉल्व्हचा, दांडा बॅकवॉशवर फिरवला की पाणी उलटं खालून वर येतं आणि कचरा ड्रेनला जातो, मग अर्धा मिनिट रिन्स आणि परत फिल्टरवर. दांडा फिरवताना पंप बंदच पाहिजे, चालू पंपावर फिरवला की आतलं गॅस्केट, म्हणजे गळती थांबवणारं रबर, फाटतं. बॅकवॉश कधी करायचा ते प्रेशर गेज सांगतं, स्वच्छ वाळूवर जे प्रेशर असतं त्यापेक्षा काटा ८ ते १० पीएसआय (प्रेशरचं एकक) जास्त दाखवायला लागला की करायचा. पुष्कळ ठिकाणी दर रविवारी ठरवून बॅकवॉश मारतात, त्याची गरज नसते, उलट थोडी मळलेली वाळू जास्त बारीक कचरा धरते. वाळू साधारण ५ ते ७ वर्षं टिकते. बांधकामाची नदीची वाळू मात्र कधीच भरू नये, दाणा सारखा नसतो आणि माती निघत राहते. वाळूच्या जागी काचेचा मीडिया, म्हणजे गाळण्यासाठी काचेचे बारीक दाणे, पण मिळतो, तो महाग पडतो पण त्याच टाकीत बसतो, म्हणून तो निर्णय पहिली वाळू बदलायची वेळ येईल तेव्हाही घेता येतो.

कार्ट्रिज फिल्टरमध्ये घड्या घातलेलं पॉलिएस्टरचं कापड असतं, १० ते २० मायक्रॉनपर्यंत गाळतं. बॅकवॉश नाही, कार्ट्रिज बाहेर काढून होजपाइपने घडी घडी करून धुवायचं. पाणी वाचतं, प्रेशर कमी लागतं म्हणून वीजही थोडी वाचते. जिथे पूल टँकरने भरतात तिथे हा विचार करण्यासारखा आहे. पण धुणार कोण हा खरा प्रश्न आहे. केअरटेकर दादांना नीट शिकवलं आणि स्पेअर कार्ट्रिजचा एक सेट घरात ठेवला तर उत्तम चालतो, नाहीतर महिनाभर न धुतलेल्या कार्ट्रिजवर पंप रडत राहतो. डोक्याला तेल चोपडून पूलमध्ये उतरायची सवय असेल तर ते तेल कापडात बसतं, ते डिटर्जंटच्या पाण्यात भिजवून काढायचं आणि त्यानंतरच लागलं तर सौम्य ॲसिडने क्षार काढायचे, आधी ॲसिड टाकलं तर तेल कापडात पक्कं बसतं.

डीई म्हणजे डायटोमेशियस अर्थ, डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाच्या सांगाड्यांची पावडर, हीच माती आल्फ्रेड नोबेलने १८६७ मध्ये डायनामाइट बनवताना नायट्रोग्लिसरीन शोषायला वापरली होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने आमांशाचे अमीबा पिण्याच्या पाण्यातून काढायला डीई फिल्टर आणले. ३ ते ५ मायक्रॉनपर्यंत गाळतो, पाणी खरंच काचेसारखं दिसतं. पण प्रत्येक बॅकवॉशनंतर नवी पावडर मोजून चढवावी लागते आणि तिची धूळ फुफ्फुसांना वाईट, मास्क लावल्याशिवाय पोतं उघडू नये. पावडर वेळेवर मिळेल आणि हाताळणारा माणूस जबाबदार असेल तरच घ्यावा, विकेंडपुरत्या उघडणाऱ्या बंगल्याला माझ्या मते नकोच.

पाइपलेस फिल्टर पूलच्या काठावर बसवतात, पंप आणि गाळणारी पिशवी किंवा कार्ट्रिज सगळं एकाच डब्यात. पंपरूम लागत नाही, पाइप पुरायला लागत नाहीत, गच्चीवरच्या किंवा रेडीमेड फायबरच्या लहान पूलला सोयीचा. मोठ्या पूलला एक युनिट पुरत नाही.

आता साइज, आणि माझ्या मते प्रकारापेक्षा हे जास्त महत्त्वाचं आहे. समजा पूल ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल आहे, म्हणजे साधारण ३८ हजार लिटर पाणी, १० हजार लिटरचे जवळजवळ चार टँकर. तासाला १० हजार लिटर देणारा पंप हे पाणी चार तासात एकदा फिरवतो. पण एकदा फिरवलं म्हणजे सगळं पाणी गाळलं गेलं असं नाही, गाळलेलं पाणी न गाळलेल्यात मिसळत राहतं, त्यामुळे एका फेरीत साधारण ६३ टक्के, दोन फेऱ्यांत ८६ टक्के आणि तीन फेऱ्यांत ९५ टक्के पाणी फिल्टरमधून जातं. म्हणून अशा पूलला रोज आठ तास तरी पंप चालवावा. या पंपाला ५०० मिलिमीटर व्यासाची सँड टाकी लावली तर वाळूतून पाणी ताशी ५० मीटरच्या वेगाने जातं, ही शेवटची मर्यादा झाली, ६०० ची टाकी लावली तर तोच वेग ३५ वर येतो आणि गाळणं कितीतरी चांगलं होतं, आणि दीडशे किलोच्या आसपास वाळू लागते. मग ९०० ची का नको? कारण बॅकवॉशला तोच पंप वापरायचा असतो, टाकी फार मोठी झाली तर उलट्या पाण्याला वाळू उचलायला जोर पुरत नाही आणि घाण तशीच आत राहते. आणि मोठा पंप छोट्या टाकीला लावणं ही त्याहून वाईट चूक, पाणी वाळूत बोगदे पाडून न गाळताच परत येतं. याच पूलला कार्ट्रिज लावायचं तर निवांत हिशोबाने १० ते ११ चौरस मीटर कापड असलेलं बघावं.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला पाहिजे. घाटात आणि कोकणात जुलैमध्ये लाल माती वाहून पूलमध्ये येते आणि पाणी चहासारखं होतं, तेव्हा लोक जास्त बारीक मायक्रॉनचा फिल्टर शोधायला लागतात. चिकणमातीचे कण २ मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात, डीईमधूनही बरेचसे निघून जातात. इथे उपाय तुरटी किंवा पीएसी (पॉली ॲल्युमिनियम क्लोराइड, तुरटीसारखंच गाळ बसवणारं रसायन) टाकून पंप बंद ठेवायचा, रात्रभर गाळ तळाला बसू द्यायचा आणि सकाळी व्हॅक्यूम लावून मल्टिपोर्ट वेस्टवर ठेवून तो गाळ फिल्टरमध्ये न नेता थेट बाहेर काढायचा. सँड फिल्टरला ही वेस्टची लाइन व्हॉल्व्हमध्येच मिळते, कार्ट्रिजला बहुतेक वेळा नसते, ती बसवतानाच वेगळी मागून घ्यावी, आणि तुरटीचा गाळ कार्ट्रिजमध्ये गेला तर कापड एका दिवसात चोंदतं. माती येणाऱ्या उतारावर बंगला असेल तर फक्त या एका कारणासाठी मी सँड फिल्टरच घ्या म्हणेन.

बोअरच्या जड पाण्याचा त्रास उलट प्रकारचा, त्यातल्या कॅल्शियमने वाळूचे गोळे होतात, म्हणून वर्षातून एकदा टाकी उघडून वाळूत हात घालून बघावं, ढेकळं लागली तर पाच वर्षांची वाट न बघता वाळू बदलावी. पाण्याची टंचाई असेल तर बॅकवॉशचा हिशोबही धरावा, वर हिशोब केलेल्या पूलला तीन मिनिटांच्या बॅकवॉशला ५०० लिटर जातात. हे पाणी विहिरीत किंवा ओढ्यात सोडू नये, त्यात क्लोरीन असतं, उघड्या टाकीत दोन-तीन दिवस उन्हात ठेवलं की क्लोरीन उडून जातं आणि मग ते नारळाला किंवा लॉनला देता येतं, पण मिठाचा क्लोरिनेटर, म्हणजे पाण्यात मीठ घालून त्यापासून क्लोरीन बनवणारं यंत्र, लावलेला असेल तर झाडांना हे पाणी नको.