ओझ्यामुळे तगणारी कमान

८ ऑगस्ट २०२४ रोजी अमेरिकेच्या यूटा राज्यात, पॉवेल जलाशयाच्या एका खाडीतली ‘डबल आर्च’ ही प्रसिद्ध दगडी कमान कोसळली. अशा कमानींविषयी लिहिताना ‘वाऱ्याने कोरलेलं शिल्प’ हे शब्द हटकून येतात आणि मला ते दर वेळी खटकतात. वाऱ्याबरोबर उडणारी वाळू जमिनीलगत उड्या मारत जाते, बहुतेक कण मीटरभराच्याही वर चढत नाहीत. मग उंचावरचं भोक कुणी पाडलं?

आधी दगडाविषयी. यूटा, कोलोरॅडो, ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको ही राज्यं जिथे एका बिंदूत मिळतात, त्याभोवती कोलोरॅडो पठार पसरलं आहे. गाळाचे थर एकावर एक बसले, पुढे सगळं पठार दीड-दोन किलोमीटर वर उचललं गेलं, तरी बहुतेक ठिकाणी थर आडवेच राहिले. कोसळलेली कमान नवाहो वालुकाश्माची होती. साधारण १९ कोटी वर्षांपूर्वी इथे वाळूच्या टेकड्यांचं अफाट वाळवंट होतं, तीच वाळू घट्ट होऊन हा दगड झाला. टेकडीच्या उतारावरून घसरलेल्या वाळूच्या तिरप्या रेघा आजही कड्यांवर स्पष्ट दिसतात. वारा या दगडाचा खरा कारागीर आहे तो इथे, वाळू रचताना.

इथले सपाट माथ्याचे सुळके म्हणजे प्राचीन महावृक्षांचे बुंधे, असं सांगणारे व्हिडिओ इंटरनेटवर भरपूर फिरतात. नवाहो वालुकाश्मात डायनोसॉरच्या पावलांचे ठसे सापडतात. झाडाच्या खोडात, वर्षावलयांच्या मध्ये, डायनोसॉर चालत गेला असेल का? एवढा एक प्रश्न विचारला तरी पुरे.

कमानींची सर्वांत मोठी गर्दी मात्र याच पठारावरच्या ‘आर्चेस’ राष्ट्रीय उद्यानात आहे. तिथे दोन हजारांहून अधिक कमानी आहेत. त्या भागात खोलवर सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचा मिठाचा जाड थर आहे. प्रचंड ओझ्याखाली मीठ अगदी संथपणे वाहतं. ते फुगलं, वरच्या वालुकाश्माला समांतर भेगा पडल्या, पाण्याने त्या रुंद केल्या आणि मध्ये उरल्या दगडाच्या पातळ, उंच भिंती. भिंतीच्या पायथ्याशी ओल साचते, कणांना चिकटवणारा पदार्थ विरघळतो, हिवाळ्यात बर्फ होऊन फुगणारं पाणी कपच्या काढतं आणि खोबण तयार होते.

खोबण समजली, पण ती वाढत जाताना इतका देखणा गोल का घेते? प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातले यिर्झी ब्रुथान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेलं याचं उत्तर मला भूशास्त्रातल्या सर्वांत सुंदर कल्पनांपैकी एक वाटतं. त्यांनी चेक प्रजासत्ताकातल्या एका खाणीतला असा वालुकाश्म घेतला, ज्यात चिकटवणारा पदार्थ जवळपास नाहीच. कण फक्त एकमेकांत अडकून बसलेले. नुसता पाण्यात ठेवला की तो विरघळल्यासारखा ढासळतो. त्याच्या ठोकळ्यावर वजन ठेवून पाणी सोडलं, तेव्हा कडेचे कण निसटत गेले आणि एका टप्प्यावर झीज थांबली.

कारण असं. ठोकळा बारीक होतो तसं तेच वजन कमी क्षेत्रफळावर येतं, म्हणजे दाब वाढतो. दाब वाढला की कण एकमेकांवर अधिक घट्ट रेटले जातात, घर्षण वाढतं आणि पाण्याला ते सोडवता येत नाहीत. ज्या कणांवर भार येत नाही ते आधी जातात. झिजेतून दाब वाढतो आणि तोच दाब झिजेला लगाम घालतो. शास्त्रज्ञ याला ऋण प्रत्याभरण म्हणतात. भिंतीत खोबण पडली की वरचं ओझं तिला वळसा घालून दोन्ही बाजूंनी खाली उतरतं. खोबणीच्या डोक्यावरचा पट्टा बिनभाराचा राहतो, म्हणून तोच गळून पडतो. उरते ती ओझ्याने स्वतःच्या वाटेवर धरून ठेवलेली कमान.

हे संरक्षण दाबापुरतंच. कमान फार लांब आणि सपाट झाली की तिच्या पोटाकडे दाबाऐवजी ओढ येऊ शकते, आणि ओढ सोसण्यात वालुकाश्म फार दुबळा. शिवाय ती बारीक होत गेली की कधीतरी दाबच दगडाच्या ताकदीपलीकडे जातो. ‘डबल आर्च’च्या बाबतीत जलाशयाची वरखाली होणारी पातळी आणि लाटांची झीज यांवर उद्यान प्रशासनाने संशय व्यक्त केला. आर्चेसमधली ‘वॉल आर्च’ ऑगस्ट २००८ मध्ये एका रात्रीत पडली. तिथलीच ‘लँडस्केप आर्च’ सुमारे ८८ मीटर लांबीची. १९९१ मध्ये तिच्या पोटाकडून मोठी शिळा सुटली आणि तिच्याखालून जाणारी पायवाट पुढे बंद करण्यात आली. सर्वांत बारीक जागी ती जेमतेम दोन मीटर जाड आहे, आणि अजून उभी आहे.