निळंच झाकण का वाकतं?

साजूक तूप कढवून पातेलं ओट्यावर ठेवलं, तर सकाळपर्यंत ते छान रवाळ होतं. तेच तूप लगेच फ्रिजमध्ये ठेवलं तर गुळगुळीत थिजतं. तूप एकच, फरक फक्त गार होण्याच्या वेगाचा. डबे, बादल्या, खुर्च्या ज्याच्या बनतात त्या पॉलिप्रोपिलीन (पीपी) या प्लास्टिकचीही तीच तऱ्हा आहे. एकाच साच्यातून पांढरं झाकण सपाट निघतं आणि निळं वाकतं, त्याचं कारणही यातच दडलंय.

पीपी साधारण 165 अंश सेल्सिअसला वितळतं, पण गार होताना त्याच तापमानाला गोठत नाही. मिनिटाला 10 अंशांनी गार केलं, तर साधारण 115 अंशांच्या आसपास स्फटिक जोमाने बनू लागतात. आधी कुठेतरी बीज, म्हणजे स्फटिक जिथून वाढू लागतो तो बिंदू, धरावं लागतं. मग लांबलचक रेणूसाखळ्या घडी घालून पातळ पापुद्रे रचतात. एकेक पापुद्रा सुमारे 10 नॅनोमीटर जाडीचा. बीजापासून चहूकडे पापुद्रे पसरून गोलक तयार होतो. सूक्ष्मदर्शकाखाली, ध्रुवित प्रकाशात, प्रत्येक गोलकावर काळी फुली दिसते. मात्र सगळं प्लास्टिक कधीच स्फटिक होत नाही; निम्म्याच्या आसपास होतं, बाकीच्या साखळ्या गुंतलेल्याच राहतात.

वितळलेलं पीपी साच्यात दाबून वस्तू घडवताना खरी अडचण इथेच येते. अस्फटिक पीपीची घनता घन सेंटिमीटरला सुमारे 0.85 ग्रॅम, तर स्फटिकाची 0.94. म्हणजे जितके स्फटिक जास्त, तितकी वस्तू आखडणार. त्यात जाड भाग हळू गार होतो, पातळ लवकर. म्हणून जाड भागात स्फटिक जास्त आणि वर खळगा. भिंतीची जाडी सगळीकडे सारखी ठेवा, हा आग्रह त्यासाठीच असतो. माप घेण्याचीही घाई नको. खोलीच्या तापमानालाही साखळ्या थोड्या सरकत राहतात, त्यामुळे वस्तू काढल्यावर किमान 24 तासांनी मोजावी.

आता शंखजिरे, म्हणजेच टाल्क. हा केवळ स्वस्तातला भराव, असा समज आहे. तो अर्धाच खरा. टाल्कच्या चपट्या कणांच्या पृष्ठभागावर पीपीच्या साखळ्यांना बसायला आयती जागा मिळते. अर्धा-एक टक्का टाल्कनेही बिजं भरपूर वाढतात, गोलक बारीक होतात आणि गोठण्याचं तापमान 10 अंशांच्या आसपास वर सरकतं. वस्तू लवकर घट्ट होते, साचा लवकर उघडता येतो. त्यापुढे टाल्क वाढवून बीजांचा फायदा फारसा वाढत नाही. तिथून पुढे कडकपणा वाढतो आणि आखडणं कमी होतं. साधं पीपी 1.6 टक्के आखडलं, तर 200 मिमीचं झाकण 3.2 मिमीने लहान होईल. 20 टक्के टाल्कने ते प्रमाण 1 टक्क्यावर आलं, तर 2 मिमीनेच. साध्या पीपीसाठी कापलेल्या साच्यात टाल्क मिसळलेल्या पीपीचा दाणा (वितळवायचा कच्चा माल) वापरला, की झाकण मोठं निघणार आणि डब्यावर ढिलं बसणार.

मोबदलाही द्यावा लागतो: आपटल्यावर तडा लवकर जातो. टाल्क नीट न मिसळल्यास गुठळीपासूनच चीर सुरू होते, आणि दाण्यात ओल राहिली तर वस्तूवर चंदेरी रेघा उमटतात. स्टिअरिक आम्लाचा लेप दिलेली कॅल्शियम कार्बोनेटची पूड मार सहन करायला बरी, पण बीज म्हणून कमजोर. दाण्यात असा भराव बराच आहे का, हे पाहायला पाणी पुरे: साधं पीपी (घनता सुमारे 0.905) तरंगतं, 20 टक्के टाल्कचं (सुमारे 1.05) बुडतं.

आणि निळं झाकण? निळ्या-हिरव्या थॅलोसायनीन रंगद्रव्याचे कणही जबरदस्त बीज ठरतात. रंगाचं प्रमाण टक्क्याच्या काही दशांशांइतकंच असलं, तरी त्यामुळे वितळलेलं प्लास्टिक साच्यात ज्या दिशेने वाहतं त्या दिशेचं आणि तिला आडवं आखडणं यांतली तफावत बदलते. मग त्याच साच्यातलं पांढरं झाकण सपाट आणि निळं ताटलीसारखं वाकलेलं निघतं. मशीनवर दाब आणि वेळ बदलत बसून यात फार काही हाती लागत नाही. एक तर दुसरं रंगद्रव्य घ्यायचं, नाहीतर सगळ्याच रंगांच्या दाण्यात आधीपासून एखादं जोरदार बीजद्रव्य घालायचं. मग रंगाच्या कणांआधी तेच बाजी मारतं आणि सगळी झाकणं जवळपास सारखीच आखडतात. साचाही मग त्याच मापाने कापायचा.