अभिप्राय-कार्ड लिहिण्याआधी : गोष्ट नको, तुमचं मत हवं

नमस्कार.

दुकानात शिरलं की डाव्या हाताला कादंबऱ्यांचं कपाट आहे. त्याच्या फळ्यांना चिमट्याने लावलेली पिवळी कार्डं तुम्ही पाहिलीच असतील, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी लिहिलीही आहेत. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर एका वाचकाने दुसऱ्या वाचकाला सांगितलेलं मत, एवढंच त्याचं स्वरूप. आज कपाटासमोर उभी राहणारी माणसं आधी कार्ड वाचतात आणि मग पुस्तकाला हात लावतात. म्हणूनच या कार्डांबद्दल नीट सांगायची वेळ आली आहे. "माझं कार्ड अजून का लावलं नाही?" हा प्रश्न गल्ल्यावर रोज येतो, आणि दर वेळी मागे गिऱ्हाईक खोळंबलेलं असताना त्याचं उत्तर धड देता येत नाही.

कार्ड लावलेलं नसेल तर बहुधा कारण एकच असतं. त्यावर तुम्ही कादंबरीची गोष्ट लिहिलेली असते.

आलेल्या कार्डांपैकी निम्म्याहून जास्त अशी असतात. सुरुवात होते, "ही एका गरीब कुटुंबातल्या मुलाची कथा आहे." मग त्याचे वडील, कर्ज, मामाचं घर, शहरातली नोकरी, लग्न. अक्षर खालीखाली बारीक होत जातं, शेवटच्या ओळी समासात उभ्या चढतात आणि तिथेच नायकाचं काय झालं तेही येतं. उरलेल्या बोटभर जागेत दोन शब्द असतात : "अवश्य वाचावी." अख्ख्या कार्डावर मत म्हणावं असं तेवढंच. बाकी सगळं लेखकाने आधीच सांगितलेलं असतं, आणि तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं सांगितलेलं असतं.

मागच्या पावसाळ्यात एक शिक्षिका दुकानात आल्या होत्या. बाहेर पाऊस कोसळत होता, म्हणून खिडकीजवळच्या स्टुलावर बसून त्यांनी एका कादंबरीची तीसेक पानं तिथेच वाचली. पाऊस उघडल्यावर उठल्या, पुस्तक घेऊन गल्ल्याकडे निघाल्या आणि जाता जाता फळीवरचं कार्ड वाचलं. ते मी न वाचताच लावलं होतं, चूक माझी. शेवटच्या ओळीत कोण मरतं ते नावासकट लिहिलं होतं. त्या तशाच वळल्या आणि पुस्तक हळूच जागेवर ठेवलं. "आता तो माणूस पानावर आला की मला तेच आठवत राहील," एवढं म्हणाल्या. विक्री गेली त्याचं मला एवढं वाटलं नाही. पण ज्या पुस्तकात त्या तीस पानं रमल्या होत्या, ते आमच्या कपाटासमोर त्यांच्या हातून सुटलं. हे मला अजून लागून राहिलं आहे.

तेव्हापासून मी प्रत्येक कार्ड स्वतः वाचते. कादंबरी वाचलेली असेल तर काय उघड झालंय ते लगेच कळतं. नसेल तर शेवटची पानं चाळून पडताळावं लागतं, म्हणजे ती कादंबरी माझ्यापुरती तिथेच उघडी पडते. मग लिहिणाऱ्याला फोन करायचा, समजावायचं, नवीन कार्ड द्यायचं. एका कार्डामागे वीस मिनिटं सहज जातात. कुणी दुखावतंही, कारण मनापासून लिहिलेलं असतं. ते मला समजतं. म्हणूनच फोनवर घाईत बोलण्यापेक्षा इथे सविस्तर लिहिते आहे.

काही जुने वाचक यावर वाद घालतात, आणि त्यांचा मुद्दा बिनतोड वाटावा असाच असतो. ते म्हणतात, कर्णाचं काय होतं हे कुणाला माहीत नाही? थोरले माधवराव थेऊरला कसे गेले हे शाळेतल्या पोराला ठाऊक आहे. तरी १९६२ ची 'स्वामी' आणि १९६७ ची 'मृत्युंजय' आजही घरोघरी वाचली जातात. मग शेवट सांगितल्याने काय बिघडतं?

हे अगदी खरं आहे, पण माझं म्हणणंही त्यातच आहे. या कादंबऱ्यांची गोष्ट सगळ्यांना आधीपासून माहीत आहे, तरी लोक त्या विकत घेतात. म्हणजे ते गोष्ट कळावी म्हणून वाचत नाहीत, ती कशी सांगितली आहे ते अनुभवायला वाचतात. 'मृत्युंजय'मध्ये कर्ण स्वतः बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्णही बोलतात. आमच्याकडे एका कॉलेजच्या मुलाचं कार्ड आहे : "शोण बोलायला लागला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की मोठ्या माणसाचा धाकटा भाऊ असणं किती अवघड आहे. मीही धाकटा आहे." या कार्डात कथानक अजिबात नाही, तरी ते वाचून लोक पुस्तक मागतात. घरात आजोबांची जुनी प्रत असलेलेही मागतात.

सगळ्याच कादंबऱ्यांचा शेवट मात्र असा पुराणातून किंवा इतिहासातून आलेला नसतो. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' घ्या. १९३९ साली आलेली ही छोटीशी कादंबरी. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून मुंबईकडे निघालेलं जहाज, त्यावर जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू प्रवासी आणि घरी परतणारा एक मराठी तरुण. मी इथेच थांबते. यापुढचं एक वाक्य लिहिलं तरी जहाजावरचे ते दिवस तुमच्यासाठी बदलतील. माझं मत सांगायचं तर असं : एका बैठकीत वाचून झाली आणि रात्री झोप आली नाही. ऐंशीहून जास्त वर्षांपूर्वीची भाषा असूनही कुठे अडखळायला झालं नाही. ज्याला मराठी कादंबरी म्हणजे फक्त गाव आणि वाडा असं वाटतं, त्याच्या हातात मी आधी हे पुस्तक देते.

कार्डावर आम्हाला असंच काहीतरी हवं असतं. वाचताना तुमचं काय झालं? कुठे रेंगाळलात, कुठे कंटाळलात? कुणाला द्यावंसं वाटलं आणि कुणाला मुळीच देऊ नये? उद्धव शेळक्यांच्या 'धग'च्या शेजारचं कार्ड एका काकूंनी लिहिलं आहे : "वऱ्हाडी बोली आहे. पहिली वीस पानं जड गेली, मग मोठ्याने वाचायला घेतलं आणि कौतिक बाई शेजारी बसून बोलते आहे असं वाटलं." एवढ्यात पुढच्या वाचकाला अडचण कळली आणि तिच्यातून जायची वाटही. आमच्या सातारकडच्या माणसाला हे सांगणं फार उपयोगाचं, कारण पहिल्या वीस पानांतच तो पुस्तक मिटतो.

पुस्तक अर्धवट सोडलं असेल तरी कार्ड लिहा, संकोच नको. कुठे सोडलं आणि का, एवढं पुरे. मात्र पान क्रमांकाऐवजी प्रकरण लिहा. आवृत्ती बदलली, अक्षर मोठं झालं की पानं सरकतात. तुमच्या प्रतीतलं पान १४३ माझ्या प्रतीत १६८ वर असतं आणि शोधणारा हैराण होतो. भाषांतरित कादंबरी असेल तर अनुवादकाचं नाव लिहायला विसरू नका. एकाच परदेशी कादंबरीचे दोन-दोन मराठी अनुवाद बाजारात असतात. कार्ड पाहून कुणी पुस्तक मागवतं, हाती दुसराच अनुवाद पडतो आणि मग ते बदलून देण्यात आठवडा जातो.

"वाईट मतं का लावता, धंद्याला मारक नाही का?" असं काही प्रकाशकांचे प्रतिनिधी विचारतात, कधीकधी तुम्हीही विचारता. आम्ही ती काढत नाही आणि काढणारही नाही. कोकणातल्या एका कादंबरीला असं कार्ड आहे : "फार संथ. शंभर पानं नुसता पाऊस." ते वाचून एक आजी म्हणाल्या, "शंभर पानं पाऊस? द्या मला." त्यांचं माहेर देवरुखकडचं. ज्याला जे खटकतं, तेच दुसऱ्याला हवं असतं, फक्त ते स्पष्ट लिहिलेलं पाहिजे. "अप्रतिम", "संग्रही असावी अशी", "टुकार" या शब्दांनी कुणालाच काही कळत नाही. ते लिहायचेच असतील तर पुढे "कारण" जोडा आणि कारणही लिहा.

कार्डाबद्दल आम्ही सवलत देत नाही, यावरूनही विचारणा होते. पुस्तकांवर आम्ही जी सवलत देतो ती सगळ्यांना सारखी. कार्डाच्या बदल्यात दहा टक्के द्यायला लागलो तर उद्या सगळीच पुस्तकं छान ठरतील, आणि कपाटासमोर उभ्या राहणाऱ्या माणसाचा कार्डावरचा विश्वास उडेल. याच कारणाने लेखक, प्रकाशक आणि त्यांच्या घरच्यांची कार्डं आम्ही लावत नाही. मलपृष्ठावरचा किंवा फोनवर फिरत आलेला मजकूर उतरवून दिलेली कार्डंही नाहीत. कार्डाखाली तुमचं पहिलं नाव आणि गाव, बास.

जागा कमी आहे ही तक्रार मात्र मी मुद्दाम मिटवत नाही. मोठा कागद दिला की गोष्ट सुरू होते. आठ ओळींत गोष्ट मावत नाही, मत मावतं.

पण शेवटाबद्दल बोलायचंच असतं, हे मला पटतं. चांगली कादंबरी संपल्यावर माणूस गप्प बसू शकत नाही. ह. ना. आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केलं आणि 'पण लक्षात कोण घेतो?' त्यात क्रमशः येऊ लागली. तेव्हा त्या आठवड्याला सगळे वाचक एकाच जागी पोचलेले असत. पुढचं कुणालाच ठाऊक नाही, त्यामुळे तिच्या नायिकेच्या, यमूच्या संसाराबद्दल कुणीही कुणाशीही बिनधास्त बोलावं. आज प्रत्येक जण वेगळ्या पानावर असतो. कुणी भिलारला पुस्तकांच्या गावात एखाद्या घराच्या ओसरीवर अर्धी कादंबरी वाचून येतो आणि उरलेली आमच्याकडे मागतो. कुणी तीच तिसऱ्यांदा वाचत असतो.

म्हणून आम्ही दोन सोयी केल्या आहेत. एक म्हणजे बैठक, दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी साडेपाचला, दुकानातच. कोणती कादंबरी ते महिनाभर आधी गल्ल्यावर लिहिलेलं असतं आणि तिच्या प्रती आम्ही पुरेशा मागवून ठेवतो. चहाच्या आधी शेवट सोडून बोलायचं, तेव्हा न वाचलेल्यांनीही यावं. चहानंतर सगळं मोकळं. ज्यांची वाचून झाली नसेल ते तेवढा वेळ बालपुस्तकांच्या खोलीत बसतात.

दुसरी सोय पाकिटांची. ती अजून फार जणांना माहीत नाही. गल्ल्यामागच्या खणात कादंबरीच्या नावाची खाकी पाकिटं आहेत. शेवट उघड करणारं कार्ड असेल तर आता आम्ही ते परत करत नाही, तुम्हाला विचारून या पाकिटात ठेवतो. कादंबरी संपवून आलेला कुणीही ते मागून स्टुलावर बसून वाचू शकतो आणि आपलं कार्ड त्यात घालू शकतो. पुस्तक आमच्याकडूनच घेतलेलं असावं असं नाही, वाचनालयातलं असलं तरी चालेल. लिहिताना वरच्या कोपऱ्यात "पाकिटासाठी" एवढं लिहिलंत तर माझा फोन वाचेल.

कोरी कार्डं आणि पेन गल्ल्याच्या उजवीकडे आहेत. कार्डावर पाहिलेलं पुस्तक फळीवर नसेल तर नाव सांगून ठेवा. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांकडून बहुतेक पुस्तकं आठवड्याभरात येतात, मागवण्याचे जादा पैसे नाहीत. 'रणांगण'च्या तीन प्रती सध्या फळीवर आहेत. तिच्या पाकिटात चार कार्डं आहेत आणि त्यातल्या दोघांचं एकमेकांशी अजिबात पटलेलं नाही. वाचून झाली की मागा.